गाळण्यातले जीव

कळंबच्या बाजारपेठेच्या टोकाला माणिकचंद शेठचं किराणा दुकान आहे. दुकानामागे घर, आणि घराच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काचेची पेटी ठेवलेली आहे. हातभर लांबीची, मासे पाळायला घेतात तसली. पेटीत पाणी आहे, तळाशी थोडा गाळ आहे, शेवाळाचे दोन-चार झुबके आहेत. मासे नाहीत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा वाकून बघतो आणि विचारतो, "मासे मेले वाटतं?" त्यावर शेठच्या पत्नी मोहनबाई ज्या नजरेनं बघतात, तसली नजर मला उभ्या हयातीत तमाशाच्या बोर्डावर जमली नाही. मी राण्या केल्या, सावत्र आया केल्या, नवऱ्याचं मुंडकं मागणाऱ्या बायका केल्या. पण ती नजर नाही जमली.

मी शीला. नारायणगावच्या फडांतून नाचले, गायले, वगात उभी राहिले. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर कळंबला भावाच्या जागेत दोन खोल्या बांधल्या. आता लोक शीलाताई म्हणतात. पूर्वी काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही. नव्यानं राहायला आले तेव्हा गावातल्या दुकानांत साखर मागितली तरी गल्ल्यावरचा माणूस शेजारच्याकडे बघून हसायचा. माणिकचंद शेठ हसले नाहीत, हे मी आधीच कबूल करते, कारण पुढं मला त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहायचं आहे. त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले त्या दिवशी उन्हानं मला भोवळ आली, तेव्हा त्यांनीच आत आवाज दिला आणि मोहनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी तांब्या तोंडाला लावणार तोच म्हणाल्या, "वरून प्या. आणि मटण खाऊन आला असाल तर तसं सांगा, तांब्या दुसरा देते." मला इतकं बरं वाटलं. समोरासमोर बोलणारं माणूस कितीतरी दिवसांनी भेटलं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायला मला पुढं बरेच महिने लागले आणि आत यायला त्याहून जास्त. पण आत गेल्यावर मी जे पाहिलं ते अजून मला रोज पाहावंसं वाटतं.

मोहनबाई नळाचं पाणी पीत नसत. घरामागं गल्लीत एक जुनी विहीर आहे. गावात नळ आल्यापासून तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. मोहनबाईंचं पाणी मात्र तिथूनच यायचं. त्यांची सून नीलम रोज सकाळी कळशी भरून आणायची. मग हंड्याच्या तोंडावर दुहेरी सुती फडकं, आणि त्यातून पाणी गाळणं. हे जैनांच्या घरोघर होतं, त्यात नवल नाही. पण गाळून झालं की बहुतेक ठिकाणी फडकं झटकतात आणि वाळत टाकतात. मोहनबाई फडकं कधी पिळत नसत. ते अलगद उलटं करायच्या, त्यावरून गाळलेलंच पाणी धरायच्या, आणि फडक्यात अडकलेलं जे काही असेल ते एका वाडग्यात उतरवून घ्यायच्या. मग तो वाडगा घेऊन विहिरीवर. जे जीव ज्या पाण्यातून आले ते त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, आणि तेही वरून ओतून नाही. वरून ओतलं तर त्यांना मार लागतो. वाडगा बादलीत ठेवून, बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायचा आणि मग हलक्या हातानं कलती करायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी हे रोज केलं होतं. सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं, तिकडं राजस्थानात.

मी एकदा विचारलं होतं, "मोहनबाई, त्या वाडग्यात असतं तरी काय?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "असतं एवढं माहीत आहे."

पुढं त्यांचेही गुडघे धरले. रोज विहिरीवर जाणं होईना. नीलमला पाठवून बघितलं, पण नीलमच्या मागं सतरा कामं, ती घाईत वरूनच ओतायची. त्यावरून सासू-सुनेत कुरबुर झाली. तेव्हा मोहनबाईंना माळ्यावरची काचेची पेटी आठवली. त्यांचा मुलगा जिनेश यानं मागं हौसेनं मासे आणले होते. मोहनबाईंनी जेवणच सोडलं, म्हणून मासे परत गेले आणि पेटी माळ्यावर गेली. ती खाली काढली, विहिरीच्या पाण्यानं भरली, विहिरीतलाच गाळ आणि शेवाळ घातलं, आणि रोजचा वाडगा त्यात सोडायला लागल्या. सोमवारी सकाळी मी जायची. पेटीतलं निम्मं पाणी बादलीत घ्यायचं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या विहिरीवर जाऊन ते परत सोडायचो. माझे हात अजून दणकट आहेत, दोर मी धरायची. त्या काठावरून मला सूचना द्यायच्या. मी फडात मोठमोठ्या मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या, पण दोर सोडण्यावरून इतकं कुणी बोललं नाही.

पेटी खिडकीत असल्यामुळं सकाळचं ऊन त्यातून आरपार जायचं. त्या उन्हात पांढरे कण हलताना दिसायचे. धूळ नव्हे, धूळ अशी झटके देत वर चढत नाही. मोहनबाई तासन् तास बघत बसायच्या. त्यांचं ते बघणं पाहून नीलमनं दुकानातलं यंत्र आत आणलं. जिनेशनं डाळीतली बारीक कीड बघायला मोबाईलला जोडायचा छोटा मायक्रोस्कोप मागवला होता. गिऱ्हाईकाशी वाद झाला की तो डाळ त्याच्याखाली धरून दाखवायचा. नीलमनं काचेच्या तुकड्यावर पेटीतला एक थेंब ठेवला आणि मोबाईल सासूच्या हातात दिला.

त्या वेळी मी तिथं होते. आयुष्यात मी पुष्कळ पडदे वर जाताना पाहिले. कनातीत गॅसबत्त्या लागल्या की समोरचा काळोख एकदम माणसांनी भरून जायचा, तेव्हा पोटात जे व्हायचं ते मला वाटलं होतं पुन्हा होणार नाही. त्या दिवशी झालं. एका थेंबात केवढी गर्दी. एक होती मुगाच्या फोलपटासारखी, मधोमध एकच डोळा, तोही लालभडक, आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन झोळ्या. ती एवढं ओझं घेऊन अशी झपाझप जायची की जणू जत्रेला निघालेली लेकुरवाळी. तिचं नाव आम्ही एकडोळी ठेवलं. एक होती तोंडावर दोन चक्र्या फिरवणारी. चक्र्या फिरल्या की आजूबाजूचं सगळं तिच्या तोंडाकडं ओढलं जायचं. आणि देठावर उभ्या असलेल्या घंटा होत्या. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आकसून घंटा खाली, मग हळूहळू वर. नीलम मोबाईलवर शोधून त्यांची इंग्रजी नावं सांगत होती. मोहनबाईंनी ती ऐकून घेतली आणि सोडून दिली.

मोहनबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "म्हणजे होते." एवढंच. डोळे भरले होते, पण त्यांनी पदर लावला नाही.

त्यानंतर रोज सकाळी एक थेंब. आमचा तो नेमच झाला. एकदा शेवाळाला चिकटलेलं हिरवट, सात-आठ सोंडांचं काहीतरी दिसलं. एक बारीक जीव जवळून गेला तर त्या सोंडांनी तो धरला आणि सावकाश गिळला. मोहनबाईंचा चेहरा लाल झाला. ज्यांना आपण सांभाळून आणलं, ते आपल्याच पेटीत खाल्ले जातात, हे त्यांना सोसेना. मी म्हटलं, काढून टाकू या का. त्यांनी पुष्कळ विचार केला. शेवटी म्हणाल्या, नको. तिला दुसरं काही येतच नाही, ती तरी काय करील. पण त्या दिवशी स्वयंपाक करतानाही त्यांचा राग गेला नव्हता. पोळी त्यांनी तव्यावर आपटूनच टाकली.

आता रागाच्या मुख्य गोष्टीकडं येते.

एका सोमवारी आम्ही नेहमीप्रमाणं पेटीतलं पाणी विहिरीत सोडून आलो. त्या खेपेला एकडोळ्या पुष्कळ झाल्या होत्या, साध्या डोळ्यांनाही बादलीत भुरभुर दिसत होती. मोहनबाई खुशीत होत्या. मंगळवारी नीलमनं कळशी आणली, पाणी गाळलं. वाडगा पेटीत ओतण्याआधी मोहनबाईंनी त्यातला एक थेंब मोबाईलखाली धरला.

पडद्यावर कुणी हलत नव्हतं. एकडोळ्या होत्या, पण आडव्या पडलेल्या, पांढऱ्याफटक. झोळ्या तशाच लटकलेल्या. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. तसंच. मोहनबाईंनी फडकं नाकाशी नेलं आणि हळूच खाली ठेवलं. दवाखान्याच्या फरशीला येतो तसला वास येत होता. मग त्यांनी नीलमकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हा वास मला किती वर्षं येतोय. मी तुला बोलायची, फडकं साबणात धुतलंस म्हणून."

"हो," नीलम म्हणाली. "मी नव्हतं धुतलं."

तिनं आजवर हे ऐकून घेतलं होतं. सासूशी कोण वाद घालणार, म्हणून.  मोहनबाईंनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

विहिरीत कुणीतरी पावडर टाकली होती, पाण्यातले जंतू मारायला टाकतात ती. आणि पावडर टाकायचं काम गावात एकच माणूस करतो, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा गोरख. आम्ही दोघी तडक ग्रामपंचायतीत गेलो. वाटेत मी तावातावानं काय काय बोलायचं ते ठरवत होते. तिथं पोचले आणि बोलले. माझा आवाज कनातीच्या शेवटच्या रांगेपर्यंत बिनमाईकचा जायचा, तो त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला. कुणाला न विचारता विहिरीत विष टाकता, म्हातारीच्या धर्माशी खेळता, असं पुष्कळ. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत आली. गोरख आधी गोंधळला, मग त्याला राग आला.

"शीलाताई, वरडू नका," तो म्हणाला. "ती पावडर पंचायतीची न्हाई. ती विहीर आमच्याकडं राहिलीच न्हाई आता, नळ आल्यापास्नं. शेठ देत्यात पावडर. दर सोमवारी दुकानावर गेलो की पुडी ठेवलेली असती. टाकतो मी. भाभींना कावीळ झाली व्हती ना, तवापास्नं."

 गोरख मोहनबाईंकडं वळून खालच्या आवाजात म्हणाला, "भाभी, आईशप्पत, मला वाटलं तुमाला ठाव असंल."

बाकावरचा गेणभाऊ हसला. गेणभाऊ म्हणजे पिंपळवंडीहून इथं जावयाच्या घरी येऊन राहिलेला रिकामा म्हातारा, सगळ्यांच्या भानगडीत हजर. म्हणाला, "लई झ्याक संसार हाय राव. शेठाणीनं सोमवारी जीव सोडायचं आन् शेठनी सोमवारीच मारायचं."

लोक हसले. मी गेणभाऊला जे बोलले ते छापण्यासारखं नाही आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. पण बोलून मागं वळले तर मोहनबाई नव्हत्या. त्या बाहेर पडून चालू लागल्या होत्या. गुडघ्यांनी अधू बाई, पण मला त्यांना गाठता येईना.

मोहनबाई घराच्या मागच्या दारानं गेल्या नाहीत. पुढून, दुकानात शिरल्या. त्या घरातली बाई दुकानाच्या पायऱ्या पुढून चढत नाही. शेठ गूळ तोलत होते. चार गिऱ्हाइकं उभी होती. मोहनबाई तराजूसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आत या." शेठनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि गुळाची ढेप तशीच ठेवून आत गेले.

स्वयंपाकघरात आम्ही सगळे होतो. नीलम ओट्याशी, जिनेश दारात, मी उंबऱ्यावर. मी निघायला हवं होतं, पण निघाले नाही, आणि कुणी जा म्हणालं नाही.

शेठनी नाकबूल केलं नाही. उलट त्यांचाच आवाज चढला. म्हणाले, तू पिवळी होऊन मंचरच्या दवाखान्यात पडली होतीस, डोळेसुद्धा पिवळे, पोटात पाणी टिकत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं पाण्यातून आलंय. तुला म्हटलं उकळून पी, तर म्हणालीस उपासाला उकळते तेवढं पुरे, रोज कशाला जीव जाळायचे. नळाचं पी म्हटलं तर तेही नाही.

"मग मी काय करायचं होतं?" ते म्हणाले.

"विचारायचं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग नाही. म्हणजे नाही टाकायची."

शेठ म्हणाले, "त्या पावडरीनं तू जगलीस. पुन्हा एकदा तरी पडलीस का आजारी?"

मोहनबाई म्हणाल्या, "मला जगवायचं होतं तर मला सांगून जगवायचं. मी माझ्या हातानं त्यांना नेऊन घालत होते. सांभाळून, मार लागू नये म्हणून दोर हळू सोडत. तुम्ही गोरखचे हात नाही वापरलेत. माझे वापरलेत."

जिनेश मध्येच म्हणाला, आई, आपण फिल्टर बसवू, चांगला मोठा. मोहनबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि तो दुकानात निघून गेला. शेठ जरा नरमले. म्हणाले, "अगं, डोळ्यांना दिसत नाहीत असले जीव. त्यांच्यापायी मी तुला जाऊ द्यायची होती का?"

मोहनबाईंनी पेटीतला एक थेंब काचेवर घेतला, मोबाईल त्याच्यावर धरला आणि त्यांच्यापुढं केला. शेठनी मान फिरवली. त्यांनी तो पुन्हा पुढं केला. योगायोगानं पडद्यावर ती सोंडवालीच आली होती, नुकतंच काहीतरी धरलेलं. मोहनबाई म्हणाल्या, "हिला दुसरं काही येत नाही. तुम्हाला विचारता येत होतं."

शेठनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग न विचारता स्टुलावर बसले.

मला वाटलं होतं, आता ही बाई घर सोडेल. अवसरीला तिच्या बहिणीचं घर आहे, तिथं जाईल, आणि मी तिची पिशवी उचलीन. वगात असंच होतं. राणी भर दरबारात मुकुट काढून फेकते, ढोलकी थांबते, आणि प्रेक्षक श्वास रोखून धरतात. मोहनबाईंनी तसं काही केलं नाही. उभ्या उभ्या हात जोडून नियम घेतला. विहिरीत जीव परत येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी तोंडात घालणार नाही. नळाचं पाणी उकळून पिईन. विहिरीत पुन्हा कुणी काही टाकायचं नाही, आमची सोमवारची बादलीसुद्धा नाही. आणि रोज सकाळी विहिरीतलं पाणी कळशीत आणून त्याचा थेंब बघायचा.

"बघायचा तो तुम्ही," त्या शेठना म्हणाल्या. "मी बघणार नाही, नीलम बघणार नाही. जीव आले असं तुम्ही सांगाल तेव्हा मी त्या विहिरीचं पाणी पिईन."

मला भयंकर राग आला. घरी आल्यावर मी एकटीच भांडी आदळत बसले. ज्या माणसाला हिनं उकळलेलं पाणी प्यायला हवं होतं, त्यालाच हिनं सांगितलं की तू बघ आणि तू सांग. त्यानं फक्त गप्प बसायचं. दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. मग ती मरेपर्यंत उकळलेलं पाणी पिणार, आणि त्याला हवं ते मिळालं. मी दुसऱ्या दिवशी हे तोंडावर बोलून दाखवलं. मोहनबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक आहे."

त्यानंतर शेठचा दिवस दुकानाऐवजी खिडकीत सुरू व्हायला लागला. आधी पेटीतला थेंब बघायचा, म्हणजे जिवंत कसं दिसतं ते कळावं, मग विहिरीतला. पहिल्या दिवशी एकडोळी दिसल्यावर ते म्हणाले, "ही तर चालतेय." नीलम हसली. मोहनबाई हसल्या नाहीत. त्या शेठशी बोलतच नव्हत्या. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, आणि सांगायचं ते भिंतीला सांगायच्या, नाहीतर सुनेला. "नीलम, त्यांना सांग कढी निवतेय." आणि शेठ तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

संवत्सरी आली. त्या दिवशी घरातली सगळी एकमेकांपुढं हात जोडून वर्षाच्या चुकांची क्षमा मागतात. शेठनी सगळ्यांसमोर मोहनबाईंपुढं हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. मोहनबाईंनीही हात जोडले आणि तेच म्हणाल्या, रीतीप्रमाणं, पुरत्या आदरानं. मग नीलमला म्हणाल्या, "त्यांना सांग, वर्षाचं झालं. विहिरीचं वेगळं."

मीही शेठच्या दुकानातून माल घेणं बंद केलं होतं. मंचरहून साखर-चहा आणायची, एसटीनं, गुडघे धरून. शेठनी एकदोनदा गड्याबरोबर गुळाची ढेप घरी पाठवली. मी गूळ ठेवून घेतला. गुळावर राग काढण्यात अर्थ नव्हता. गड्याला मात्र सांगितलं, शेठना सांग, शीला विसरलेली नाही.

मोहनबाईंना उकळलेलं पाणी आवडत नव्हतं. औषध घ्यावं तसं तोंड करून त्या प्यायच्या. तब्येत मात्र ठणठणीत होती, रंगही उजळला होता. पाणी पिताना शेठ त्यांच्याकडं बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते बघून माझ्या अंगाची लाही व्हायची. आणि रोज सकाळी खिडकीतून तेच उत्तर. नीलम विचारायची, "बाबा, आहे का काही?" ते म्हणायचे, "नाही." मला वाटायचं, खोटं बोलतोय हा म्हातारा. पाऊस होऊन गेला, विहीर वर आली, कडेला नवं शेवाळ धरलं. एवढ्या पाण्यात काही आलं नसेल? मोहनबाईंनी मात्र एकदाही उठून स्वतः बघितलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

एका सकाळी मी त्यांच्या घरी पातेलं परत द्यायला गेले होते. मागच्या दारानं शिरले. मोहनबाई ओट्याशी पाठमोऱ्या, गॅसवर त्यांचं पाणी खळखळत होतं. शेठ खिडकीत वाकून बसलेले, त्यांनी मला पाहिलं नाही. मला मात्र त्यांच्या खांद्यावरून मोबाईल दिसत होता.

पडद्यावर एकडोळी होती. एकटीच. दोन्ही बाजूंना झोळ्या घेऊन, झटके देत, डावीकडून उजवीकडं. विहिरीचीच कळशी त्यांच्या मांडीशी होती, पेटीवर झाकण होतं, म्हणजे थेंब कुठला याबद्दल शंका नव्हती.

शेठ तिच्याकडं बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी मोहनबाईंच्या पाठीकडं पाहिलं, उकळत्या पातेल्याकडं पाहिलं. काचेचा तुकडा त्यांच्या बोटाजवळच होता. धोतराच्या सोग्यानं एकदा पुसला असता की संपलं. मी पातेलं छातीशी गच्च धरलं. पहिल्यांदाच माझी ओरडण्याची छाती झाली नाही.

त्यांचा हात काचेकडं गेला. बोट काचेला लागलं. मग त्यांनी काच नीट सरळ केली आणि म्हणाले, "अगं. इकडं ये."

संवत्सरीची रीत सोडली तर इतक्या महिन्यांत ते प्रथमच थेट मोहनबाईंशी बोलले होते.

मोहनबाईंनी हात पुसले, आल्या, वाकल्या. एकडोळी अजून फिरत होती. त्यांनी ती पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ दिली. शेठ त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या सरळ झाल्या आणि नीलमला नव्हे, त्यांनाच म्हणाल्या, "ही एक झाली. बाकीच्या?"

आणि ओट्याकडं परत गेल्या.

 शेठनी तो थेंब एका वाटीत सांभाळून उतरवला, काच धुतली, आणि कळशीतून दुसरा थेंब घेतला.